बर्फावरची घोंगडी

गिताबाईच्या उशाखाली लोकरीचा एक दोरा असे. घरात मेंढरं होती तेव्हा तिच्या नवऱ्यानं, ज्योतिबानं, चालता चालता चातीवर कातलेला. काळा, राठ, अजून मेंढरांचा वास धरून असलेला. त्या दोऱ्याला नऊ गाठी होत्या. एक गाठ म्हणजे एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा. कवठे येमाईच्या शेजारणींना वाटे, बाई येमाईला काहीतरी बोलली असेल. नवसाचं कुणी विचारत नाही, म्हणून त्याही विचारत नसत.

नवस नव्हता तो. मोजणी होती. दूर हिमाचलात एका हिमनदीच्या पोटात तिची लेक निजली होती, आणि लेकीच्या अंगावरून बर्फ किती हात उतरला ते आई दोऱ्यावर धरून ठेवत होती.

लेकीचं नाव मोनिका. तिला डोंगर कुणी शिकवला नाही. दिवाळी झाली की मेंढरं घाट उतरून कोकणात जायची, तेव्हा घोड्याच्या पाठीवर एका अंगाला तान्ही कोकरं आणि दुसऱ्या अंगाला मोनी, अशी ती घाट उतरली आणि चढली. तिसरीत गेली आणि ज्योतिबानं कळप विकला. पोरगी शाळेत एका जागी बसावी म्हणून. पोरगी एका जागी बसली नाही. शिरूरच्या कॉलेजातून एनसीसीत गेली, एनसीसीतून हिमालयात गेली, आणि नाकावरची कातडी सोलवटून घेऊन परत आली ती वेगळीच होऊन. यवतच्या बागायतदाराचा मुलगा इंद्रजीत तिच्याच तुकडीत होता. दोघांनी मिळून डोंगरशाळा काढली. शिरूर-दौंडच्या ज्या पोरांनी उसापेक्षा उंच काही पाहिलं नव्हतं, त्यांना दोर कमरेला बांधून शिवनेरीच्या अंगावर चढवायचं, आणि त्यातली जरा धीट पोरं मोठी झाली की उन्हाळ्यात हिमालयात न्यायची.

चढणं हे निमित्त होतं. मोनिकाचा जीव बर्फात होता. ती शाळाशाळांतून जायची, प्रत्येक पोराच्या मुठीत बर्फाचा एक खडा ठेवायची आणि सांगायची, हा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. चाळीस-पन्नास मुठी गप्प बसायच्या, बोटांतून पाणी गळायचं. मग ती म्हणायची, आता उघडा, आणि पोरं रिकामे तळवे बघत राहायची. डोंगरानं पुढच्यांसाठी धरून ठेवलेलं पाणी म्हणजे बर्फ, ते आपल्या उष्णतेनं आपण सोडून देतोय, एवढंच ती सांगे. फार सांगत नसे.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ती हिमनदीवर गेली. बर्फ किती वितळतो ते मोजायला त्यात बांबू रोवलेले असतात. दरवर्षी बांबू किती उघडा पडला ते वाचायचं. तंबूपासून बांबू वीस पावलांवर होता. वीस पावलांसाठी कोण दोर बांधतं? इंद्रजीत चहा उकळत होता. वरून सपाट दिसणारा ताजा बर्फ खालून पोकळ होता, आणि त्याखाली फट होती. इंद्रजीतनं हाक ऐकली नाही. आवाजही नाही. चहा झाला म्हणून त्यानं मागं पाहिलं, तर बांबू होता आणि मोनिका नव्हती.

पाच दिवस दोर सोडले. तीस हातांपर्यंत माणूस उतरला, त्याच्या खाली फट अशी आवळली होती की हातसुद्धा जाईना. मग वरून हिम पडलं आणि फट मिटली.

ही हकीकत इंद्रजीतनं त्याच वर्षी दिवाळीच्या आधी कवठ्याला येऊन, ओसरीवर मांडी घालून, खाली बघत सांगितली. गिताबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला होता. त्यानं पेल्याला हात लावला नाही. तेव्हापासून तो आला की ती त्याला दूध देते.

सगळं ऐकून तिनं एकच विचारलं. बर्फ वितळत असतो का?

इंद्रजीत म्हणाला, दरवर्षी. चार हात, पाच हात.

तिनं मनात तीसला चारानं भाग दिला नाही, ती तेवढी शिकलेली नव्हती. पण आत जाऊन तिनं दोरा काढला.

भावकीनं सांगितलं होतं, देह मिळाला नाही तर दर्भाची बाहुली करतात, तिला अग्नी देतात, म्हणजे जिवाला वाट मिळते. शिरूरचे गुरुजी यायला तयार होते. ज्योतिबाही तयार होता. त्याला हल्ली कमी ऐकू यायचं आणि वय झालेल्या माणसासारखी त्याला सगळं आवरून ठेवायची घाई झाली होती. गिताबाई एवढंच म्हणाली, "दर्भाला म्या दूध पाजलं न्हाई."

लेकीला तिला स्वतःच्या हातानं माती द्यायची होती. डोक्यावरून हात फिरवून, केस विंचरून. तेवढंच हवं होतं तिला, दुसरं काही नाही. त्यासाठी तो बर्फ जायला हवा होता. लेकीनं सारं आयुष्य जे राखा म्हणून सांगितलं, ते लवकर संपू दे असं आई रोज दिवा लावताना म्हणायची. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. दळण पाखडताना तोंडातून ओवी निघायची ती मात्र तिला आवरत नसे:

बर्फाचं गं बाई घर, त्याला दार ना कवाड
लेक निजली आतमंदी, वर पांढरा पहाड

त्या पहिल्या भेटीत, इंद्रजीत उठायला लागला तेव्हा, तिनं फडताळातून घोंगडी काढली. कळप विकायच्या आधीची शेवटची कातरणी. ज्योतिबानं ती लोकर विकली नव्हती. मोनीच्या लग्नात बोहल्यावर अंथरायला म्हणून त्यानं सणगराकडून घोंगडी विणून घेतली होती. चिंचोक्याची खळ दिलेली, उभी केली तर उभी राहील अशी ताठ. काळी, कडेला पांढरी रेघ.

"ही तिथं टाक," ती म्हणाली. "चार घड्या करून टाक. लई गारठली आसंल."

इंद्रजीत शिकलेला होता. बर्फातल्या माणसाला ऊब लागत नाही हे त्याला कळत होतं. पण त्यानं घोंगडी दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली. पुढच्या जूनमध्ये वर जाऊन, जिथं फट मिटली होती तिथं त्यानं ती चार घड्या करून पसरली आणि कडेनं दगड ठेवले. उतरला की ओसरीवर येऊन सांगितलं, टाकली मावशी. आणि तिनं विचारायच्या आधीच सांगितलं, चार हात. तिनं चार गाठी मारल्या.

त्यानंतरच्या वर्षी त्याला यायला जमलं नाही. त्यानं फोनवर सांगितलं, पाच हात. आणि असंही म्हणाला की एक गोष्ट दाखवायची आहे, पण फोनवर नाही, समोर.

नऊ गाठी झाल्या. एकवीस राहिल्या. गिताबाई अठ्ठावन्नची होती. तिची आई ऐंशीपर्यंत जगली होती. अंधारात दोरा चाचपताना तिला वाटे, जमेल.

मार्चमध्ये इंद्रजीत जीप घेऊन दारात आला. जगभर हिमनद्यांचा दिवस म्हणून एक दिवस पाळतात, एकवीस मार्च. यंदा वडगाव रासाईच्या शाळेत डोंगरशाळेनं कार्यक्रम ठेवला होता. तुम्ही यायचंच, म्हणाला. गिताबाईनं पाहिलं, तो खूश होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याचं मन मोडू नये म्हणून ती धुतलेलं लुगडं नेसली. ज्योतिबा म्हणाला, मला काय ऐकू येणार तिथं, आणि कांद्याच्या रानात गेला. शेजाऱ्याकडून इंद्रजीतनं एक जुनी घोंगडी मागून घेतली, कशाला ते सांगितलं नाही. शिरूरच्या बर्फ कारखान्यातून दोन लाद्या घेतल्या, भुशात घालून. न्हावऱ्यापासून पुढं दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि गिताबाई खिडकीतून बघत बसली. मागं बर्फ होता. लेकीला घेऊन गेलेल्या गोष्टीबरोबर एका गाडीत बसून आपण चाललोय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

शाळा नदीच्या अंगाला होती. विज्ञानाच्या सुलक्षणाबाई पुढं आल्या आणि गिताबाईच्या पाया पडल्या, तसं तिला अवघडल्यासारखं झालं. पोरं पटांगणात झाडाखाली बसली होती. इंद्रजीतनं दोन्ही लाद्या दोन पाटांवर मांडल्या, उन्हातच. एक तशीच ठेवली. दुसरी घोंगडीत गुंडाळली. आणि विचारलं, आधी कुठली संपेल?

घोंगडीतली, सगळी पोरं एका आवाजात म्हणाली. दुसऱ्या रांगेतला हृतिक, जो प्रत्येक वर्गात असतो तसा होता, तो उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या तात्याला घोंगडीत मे महिन्यात घाम फुटतो, बर्फाला का न्हाई फुटायचा?" सगळी हसली. सुलक्षणाबाईही हसल्या. गिताबाई हसली नाही, पण तिनंही मनात तेच उत्तर दिलं होतं. घोंगडी म्हणजे ऊब. ज्यांनी थंडीत माळावर रात्री काढल्या त्यांना हे कुणी शिकवायला लागत नाही.

मधल्या वेळात इंद्रजीतनं पोरांना वर्गात नेलं आणि भिंतीवर चित्रं दाखवली. हृतिकनं तिथंही एक प्रश्न काढला. आपली भीमा भीमाशंकरहून येते, तिला बर्फाचं काय देणंघेणं? इंद्रजीत म्हणाला, तुझ्या वडिलांच्या गुऱ्हाळावर कढई कोण ओढतं? यूपीची माणसं, हृतिक म्हणाला. ती घरी कुठल्या नदीचं पाणी पितात, ते त्यांना आज विचारून ये. ती नदी आटली तर ती सगळी घरंच्या घरं कुठं जातील, तेही विचार. हृतिक खाली बसला. मग भिंतीवर मोनिका आली. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, हातात बांबू, हसताना डावा डोळा बारीक झालेला. गिताबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि बघत राहिली. चित्र बदललं.

आता भिंतीवर पांढरा, लांबच लांब उतार होता. त्याच्या मधोमध एक ओटा उभा होता. बर्फाचा. इंद्रजीतच्या खांद्याएवढा उंच, कारण शेजारी इंद्रजीतच उभा होता. आणि ओट्याच्या माथ्यावर, दगडांनी दाबलेली, कडेला पांढरी रेघ असलेली काळी घोंगडी.

इंद्रजीत सांगू लागला. दोन वर्षांत आजूबाजूचा बर्फ नऊ हात खाली गेला. या घोंगडीच्या खालचा सहाच. कारण घोंगडी ऊब देत नाही. तिच्यात स्वतःची काही ऊब नसतेच. आत जे असेल ते ती राखते. माणूस असला तर त्याची ऊब राखते, बर्फ असला तर त्याची थंडी. परदेशात लोक हिमनद्यांवर मोठमोठी पांढरी कापडं घालतात, त्यानं जे होतं ते एका घोंगडीनं केलं. ही घोंगडी मोनिकाताईच्या आईनं दिलेली आहे, आणि त्या इथं बसल्या आहेत.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. खूप वेळ वाजवल्या.

गिताबाईला टाळ्या ऐकू येत होत्या त्या लांबून, ज्योतिबाला ऐकू येत असतील तशा. सहाच हात. नऊ नाही. आजूबाजूचं सगळं उघडं पडत होतं, उतरत होतं, आणि जिथं तिची लेक होती तेवढीच जागा उंच राहिली होती. तिनं झाकली म्हणून. दोन वर्षं ती गाठी मारत बसली होती त्या भलत्याच बर्फाच्या.

सुलक्षणाबाईंनी तिला दोन शब्द बोलायला सांगितले. ती उठली. पोरं गप्प झाली. बर्फ राखा, एवढे दोनच शब्द तिच्याकडून हवे होते, मोनी शंभर शाळांतून बोलली तेच. तिनं तोंड उघडलं. "बर्फ," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द येईना. तो शब्द म्हटला की आपल्याच तोंडानं लेकीवर आणखी एक थर टाकल्यासारखं होणार होतं. ती तशीच उभी राहिली. बाईंना वाटलं, आठवण दाटली. त्यांनी हाताला धरून तिला बसवलं आणि पाणी दिलं.

दुपारी सगळे पटांगणात आले. उघडी लादी संपली होती, पाटाखाली ओल होती आणि तिच्यावर मुंग्या. घोंगडीचा एक कोपरा उचलला तर आत लादी होती, थोडी कडा झिजलेली, पण होती. पोरं एकामागून एक हात घालून बघत होती आणि हात चटकन मागं घेत होती. सारिका नावाची एक मुलगी हात घालून तशीच थांबली, मागच्यांनी ढकललं तरी. मग गिताबाईनं हात घातला. लोकरीच्या खाली, अंधारात, ती गार होती. तिनं तळवा टेकवला आणि बोटं बधिर होईपर्यंत काढला नाही.

काळी घोंगडी लोकरीची, चार घड्यांची घातली
ऊब द्याया धाडली मी, थंडी राखत बसली

नंतर ती नदीवर गेली. घाटाच्या पायरीवर बसली. इंद्रजीत मागून आला आणि दोन पायऱ्या वर उभा राहिला. तिनं निघताना कनवटीला खोचलेला दोरा काढून पायरीवर ठेवला आणि विचारलं, ह्या गाठी कशाच्या, ठाऊक आहे का? तो म्हणाला, मोनीचं काम तुम्ही चालवताय मावशी, बांबू ती वाचायची, आता तुम्ही वाचता. मी सगळ्या शाळांतून हे सांगतो.

"मला त्यो बर्फ जायाला पायजे," गिताबाई म्हणाली. "तीसच्या तीस हात. म्हून मोजती मी. लेक माझी हातात पायजे मला, आन् मीच तिच्या अंगावर झाकण घातलं."

पलीकडच्या काठावर कुणाची तरी मोटर चालू होती. इंद्रजीत खाली येऊन तिच्या शेजारी बसला.

"काढतो मावशी. जूनला गेलो की पहिलं तेच काम."

तिनं त्याच्याकडं पाहत विचारलं, राग आला नाही तुला? एवढ्या पोरांपुढं माझं नाव घेतलंस.

"मी लोकांना सांगतो मोजायला जातो," तो म्हणाला. "पण वर पोचलो की आधी खाली वाकून बघतो. काही दिसतंय का. दर वर्षी. मग बांबू."

परतताना जीपमध्ये ओली घोंगडी तिच्या मांडीवर होती. तिचं पाणी लुगड्यातून पायापर्यंत आलं, पण तिनं ती खाली ठेवली नाही.

ठरलं ते असं. जूनमध्ये इंद्रजीत दगड बाजूला करणार, घोंगडी घेऊन उतरणार. गिताबाईनं दिवस मोजायला सुरुवात केली. एप्रिल गेला, मे निम्मा गेला.

मेच्या अखेरीला जीप आली. इंद्रजीत उतरला, पण आत येईना. दाराशी घुटमळला. मागं गाडीत सतरंजीनं झाकलेला ढीग होता. ज्योतिबानं विचारलं, काय आणलंस? इंद्रजीत म्हणाला, मामा, मी नको म्हणू शकलो नाही.

घोंगड्या होत्या. एकोणीस. वडगाव रासाईच्या पोरांनी जमवलेल्या. घरोघरच्या माळ्यावरून, पेट्यांतून, गोठ्यातून. ज्या घरांतून मेंढरं गेली त्यालाही वीस-पंचवीस वर्षं झाली होती, पण घोंगडी कुणी टाकून दिली नव्हती. कुठं आजोबांचं नाव पांढऱ्या धाग्यानं घातलेलं, कुठं नुसता त्रिशूळ. मोनिकाताईच्या बर्फावर घालायला म्हणून पोरांनी त्या दिल्या होत्या, आणि सुलक्षणाबाईंनी प्रत्येकीला कागद टाचून नाव लिहिलं होतं.

इंद्रजीत ओसरीच्या कडेला टेकला आणि सांगत राहिला. तेवढ्या बर्फापुढं एकोणीस घोंगड्या म्हणजे काहीच नाहीत हे त्यानं पोरांना सांगितलं होतं. ते त्यांना माहीत होतं. हृतिकनं फळ्यावर गणितच करून दाखवलं होतं, सगळी हिमनदी झाकायची तर किती घोंगड्या लागतील आणि त्यासाठी किती मेंढरं. तेवढी मेंढरं अख्ख्या महाराष्ट्रात नाहीत, असं त्याचं उत्तर आलं. आणि फळा पुसून तो घरी गेला आणि तात्याची घोंगडी घेऊन आला. घाम फुटणारी.

"मी ह्या इथंच ठेवून जातो मावशी," इंद्रजीत म्हणाला. "आपलं ठरलंय तसंच करतो. पोरांना काय सांगायचं ते बघीन मी."

गिताबाईनं त्याला दूध आणून दिलं. मग ती ढिगापाशी बसली आणि एकेक घोंगडी उलगडू लागली. ते काम तिला येत होतं. लोकर कुठली, पहिल्या कातरणीची की दुसऱ्या, वीण घट्ट की सैल, हे तिची बोटं वाचत होती. वास वेगवेगळे होते. एकीला धुराचा, एकीला कडुनिंबाच्या पाल्याचा, एकीला म्हाताऱ्या माणसाचा. घड्या उलगडून ती पुन्हा घालत होती, चार चार पदरी.

अकरावी का बारावी घोंगडी मधोमध कसरीनं खाल्लेली होती. तळहाताएवढं भोक. कागदावर नाव होतं, सारिका.

गिताबाईनं भोकात हात घातला. हात पलीकडं निघाला. ती त्याच्याकडं बघत राहिली. या भोकातून ऊन सरळ खाली जाईल. थोडंसंच जाईल. थोडंसंच पुरे असतं.

मग ती उठली, आत गेली, आणि दाभण घेऊन आली. उशाखालचा दोराही आणला.

इंद्रजीतनं दुधाचा पेला खाली ठेवला.

ती गाठी सोडू लागली. लोकरीची गाठ जुनी झाली की केस केसात गुंततो, ती सहज सुटत नाही. पहिलीला तिनं दात लावला. एक सुटली. दुसरी सुटली. ज्योतिबा खांबाला टेकून बसला होता, त्याला दिसत होतं, काय चाललंय ते कळत होतं की नाही कोण जाणे. पाचवीला तिचे डोळे भरून आले आणि गाठ दिसेना, तसं तिनं बोटांनीच सोडवली. नऊ सुटल्या तेव्हा दोरा वाकडातिकडा राहिला, जिथं जिथं गाठ होती तिथं तिथं पिरगळलेला.

तिनं तो दाभणात ओवला आणि भोक भरायला घेतलं. उभे धागे, मग आडवे, एकाखालून एकावरून. घाई नव्हती. ऊन ओसरीच्या कडेवरून आत आलं होतं, तिच्या हातावर पडलं होतं. ओठ हलत होते. इंद्रजीतला शब्द ऐकू आले, कारण तो जवळ होता:

नको उकलू रे उन्हा, माझ्या लेकीचं पांघरूण
वाट बघायची व्हती, ती झाली डोळं भरून

दोरा बरोबर पुरला. टोक तिनं दातानं तोडलं, भोकावरून तळवा फिरवला, आणि घोंगडी घडी करून बाकीच्यांवर ठेवली.

"माझी हाय तितंच ऱ्हाऊ दे," ती इंद्रजीतला म्हणाली. "ह्या तिच्या कडंनी घाल. मदी फट सोडू नगंस."

इंद्रजीतनं मान हलवली.

मग ती ज्योतिबाकडं वळली. पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि खाली बघत, पुटपुटल्यासारखं म्हणाली, "गुरुजींना निरोप धाडा. म्हनावं दर्भ घिऊन या."

ज्योतिबानं कानामागं हात धरला. "काय?"

दुसऱ्यांदा तिला मोठ्यानं सांगावं लागलं.